सोडावा लागणारा सूर

दोन वर्षांपूर्वी पर्युषणाच्या आधी माझ्या मुलीने जर्मनीहून मला एक ध्वनिमुद्रण पाठवलं. ती तिथे शिकायला आहे. सोबत एवढंच लिहिलं होतं, "आई, ही आपली पेटीच आहे गं, फक्त घराएवढी मोठी. शेवटपर्यंत ऐक. मग फोन कर."

पेटी म्हटल्यावर मी ऐकायला बसले. माझं माहेर कारंजा. वडिलांना नाट्यसंगीताचं वेड. बालगंधर्वांच्या पदांमागे वाजणारा तो पायाने भाता मारायचा ऑर्गन आमच्या घरात रेकॉर्डवर सतत असायचा. गाणाऱ्याने श्वास घ्यायला जागा सोडली की ऑर्गन ती जागा भरून काढायचा. लहानपणी मला वाटायचं की ऑर्गन म्हणजे गाणाऱ्याला सांभाळून घेणारी थोरली बहीण. तो एकटा, कुणाची साथ न करता वाजताना मी कधी ऐकलाच नव्हता.

मुलीने पाठवलेली रचना चारेक मिनिटांची होती. ऐकून संपली आणि मी फोन केला नाही. करता आला नाही. फ्रीगंजमधल्या आमच्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेले आणि तिथेच बसून राहिले. बाईंना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत मी एकदाही रडले नव्हते.

बाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्याबद्दल पुढे सांगते. आधी त्या रचनेबद्दल, कारण हा लेख तिच्यावर आहे आणि तिचा मान तिला द्यायला हवा.

रचना योहानेस ब्राम्स यांची. 1896 साली त्यांनी ऑर्गनसाठी ज्या 11 छोट्या रचना लिहिल्या, त्यांतली ही शेवटची, अकरावी. त्यांची सगळ्यात शेवटची रचना म्हणून हीच मानली जाते. 3 एप्रिल 1897 ला ते व्हिएन्नात वारले. या अकरा रचना छापून आल्या 1902 मध्ये, म्हणजे ते गेल्यावर पाच वर्षांनी.

या प्रकाराला 'कोराल प्रिल्यूड' म्हणतात. चर्चमध्ये सगळे लोक मिळून गातात ते स्तोत्र म्हणजे कोराल. आपण मंदिरात पूजेला उभे राहिल्यावर सगळ्याजणी एका सुरात गातो ना, तसंच. ते गाणं सुरू होण्याआधी ऑर्गनवाला त्याच चालीवर बांधलेलं काहीतरी वाजवतो, म्हणजे लोकांना चाल आठवते आणि मन जागेवर येतं. ते प्रिल्यूड. गंमत अशी की ब्राम्सच्या या रचनेनंतर कुणी गायला उठेल असं वाटतच नाही. प्रस्तावना लिहिली आणि पुढचं पुस्तक कोरं ठेवलं, असं काहीसं झालंय.

ज्या स्तोत्रावर ती बांधलीय त्याच्या नावाचा अर्थ, 'हे जगा, मला तुला सोडून जायला हवं'. पण ही चाल मुळात स्तोत्राची नाहीच! ती पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या हाइनरिख इझाक या संगीतकाराच्या नावावर आहे, आणि मूळ गाणं एका गावाचा निरोप घेण्याचं आहे. ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक गाव सोडून जाणारा माणूस, मागे राहिलेलं प्रेमाचं माणूस, एवढाच विषय. पुढे कुणीतरी 'इन्सब्रुक' काढून तिथे 'जग' घातलं आणि त्याचं भक्तिगीत झालं.

हे वाचून मला हसू आलं. आपल्याकडे सिनेमाच्या चालीवर स्तवनं बसवतात म्हणून आपण नाकं मुरडतो. आमच्या महिला मंडळात तर यावरून एकदा चांगलीच वादावादी झाली होती. मी 'नको' म्हणणाऱ्यांच्या बाजूची. आता माझं मत बदललंय असं नाही, पण थोडं मऊ झालंय. चाल कुठून आली यापेक्षा ती पुढे कुठे गेली, हेही बघायला हवं.

आणि गाव सोडता सोडता जग सोडण्याची ही गोष्ट आपल्याला नवी आहे का? आपण तर उज्जैनमध्ये राहतो. अंतिम श्रुतकेवली भद्रबाहूंनी याच उज्जयिनीत निमित्तज्ञानाने बारा वर्षांच्या दुष्काळाचं भाकीत केलं आणि संघ दक्षिणेकडे निघाला, असं श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवरचा, इ. स. 600 च्या सुमाराचा शिलालेख सांगतो. परंपरा पुढे सांगते की भद्रबाहूंनी तिथेच सल्लेखना घेतली आणि सम्राट चंद्रगुप्तही त्याच डोंगरावर देह ठेवून गेले. आधी उज्जयिनी सोडली, मग जग. जयसिंहपुऱ्याच्या संग्रहालयात परमारकाळातल्या खंडित मूर्ती बघताना मी दरवेळी मनात म्हणते, इथूनच निघाले असतील. नदी ओलांडताना कुणी मागे वळून बघितलं असेल का?

हा मागे वळून बघण्याचा प्रश्न लक्षात ठेवा. मला या रचनेत तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आता ऑर्गनबद्दल एक साधी गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. वीणेची किंवा सतारीची तार छेडली की सूर उमटतो आणि आपला आपण विरत जातो. घंटेचंही तसंच. पियानोचंही तसंच. ऑर्गनचं तसं नाही. पाइप ऑर्गनमध्ये भात्यातली हवा शेकडो, कधी हजारो नळ्यांत सोडलेली असते. पट्टी दाबली की नळी वाजते आणि पट्टी दाबलेली असेपर्यंत ती तशीच, त्याच जोराने वाजत राहते. सूर म्हातारा होत नाही. तो आपणहून मरत नाही. वाजवणाऱ्याने बोट उचललं तरच तो थांबतो.

म्हणजे ऑर्गनवर सूर संपत नाही, सोडावा लागतो.

दुसरं म्हणजे, पट्टी हळू दाबली म्हणून आवाज हळू येत नाही. हळू आवाज हवा असेल तर हात वरच्या किंवा खालच्या दुसऱ्या पट्ट्यांच्या ओळीवर न्यावा लागतो, जिथे मऊ आवाजाच्या नळ्या जोडलेल्या असतात. हळू होणं हा तिथे ठरवून केलेला स्थलांतराचा भाग आहे.

ब्राम्सने या दोन्ही गोष्टींचा असा काही उपयोग केलाय की काय सांगू. स्तोत्राची एक ओळ येते, भरघोस, मोठ्या आवाजात. चाल वरच्या आवाजात सरळ चाललेली, खाली बाकीचे आवाज तिला धरून. ओळ संपते. आणि मग त्या ओळीचं फक्त शेपूट पुन्हा ऐकू येतं, दुसऱ्या पट्ट्यांवरून, हळू. मग तेच आणखी एकदा, त्याहूनही हळू. मग पुढची ओळ पुन्हा मोठ्याने. पुन्हा तिचं शेपूट दोनदा, उतरत. ब्राम्सने स्वरलिपीत या तीन पायऱ्या स्पष्ट लिहून ठेवल्यात. मोठ्याने, हळू, अगदी हळू.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्या तीन पायऱ्यांत बाईंच्या तीन वाट्या दिसल्या.

बाईंनी 82 व्या वर्षी, आजार बरा होण्यातला नाही हे कळल्यावर, महाराजांची आज्ञा घेऊन समाधिमरणाचा नियम घेतला. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात क्रम सांगितलाय तो आपल्याला माहीतच आहे. आधी अन्न सोडायचं आणि दूध ठेवायचं, मग दूध सोडून कांजी-ताकासारखं हलकं पेय, मग नुसतं गरम पाणी, मग तेही नाही. सल्लेखना या शब्दाचा अर्थच नीट विचारपूर्वक कृश करत जाणं. शरीर आणि कषाय दोन्ही. आमच्या स्वयंपाकघरात स्टीलच्या तीन वाट्या ओट्यावर वेगळ्या ठेवलेल्या असायच्या, दुधाची, ताकाची आणि पाण्याची. एकेक वाटी फडताळात परत जात गेली. बाई अगदी शांत होत्या. एक दिवस ताकाची वाटी तोंडाजवळ नेली तर हाताने बाजूला करून म्हणाल्या, "सूनबाई, ही पण आत ठेव आता."

घरात चोवीस तास णमोकार चालू. येणाऱ्या-जाणाऱ्याला दारातच सांगितलं जायचं, रडायचं नाही, त्यांचे परिणाम बिघडतील. मला ते पटत होतं. आजही पटतं. शेवटच्या घडीला जिवाला मोहात ओढू नये, हे बरोबरच आहे. पण एक गोष्ट कुणी सांगितली नाही. नंतरही रडायचं नाही का? बाई गेल्यावर लोक म्हणाले, केवढं भाग्याचं मरण, उत्सव करा. उत्सव झाला. मी पंचवीस माणसांचा स्वयंपाक केला.

2015 साली राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याला बेकायदा ठरवलं आणि त्याच ऑगस्टच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, तेव्हा आपण सगळ्या पांढऱ्या साड्या नेसून मूक मोर्चात गेलो होतो. तेव्हा सगळी चर्चा जाणाऱ्याच्या हक्काची होती. ती आत्महत्या की साधना? साधनाच, यात मला शंका नव्हती आणि नाही. पण उशाशी बसलेल्या बाईचं काय होतं, वाट्या विसळणारीचं काय होतं, हा प्रश्न वकिलांनी विचारला नाही आणि आपणही विचारला नाही.

आता ब्राम्सकडे परत येऊ, कारण तोही असाच मागे राहिलेला माणूस होता.

क्लारा शूमान ही त्या काळातली फार मोठी पियानोवादक. ब्राम्सपेक्षा 14 वर्षांनी मोठी. तिचा नवरा रॉबर्ट शूमान, मोठा संगीतकार, मनाच्या आजाराने दोन वर्षं इस्पितळात राहून जुलै 1856 मध्ये वारला. त्या काळात तेवीस वर्षांचा ब्राम्स तिच्या मुलाबाळांच्या घराला आधार देत होता, आणि त्याच सुमारास तो ऑर्गन शिकत होता, ऑर्गनसाठी लिहीत होता. त्यातली 1856 ची एक फ्यूग अतिशय उदास आहे. मग या वाद्यासाठी लिहिणं त्याने जवळजवळ सोडूनच दिलं. चाळीस वर्षं गेली. 20 मे 1896 ला क्लारा गेली. तार मिळाल्यावर ब्राम्स निघाला, वाटेत गाडी चुकली, जवळजवळ दोन दिवस प्रवासात गेले. फ्रँकफर्टचा विधी हुकला आणि तो कसाबसा बॉनला दफनाच्या वेळी पोचला. त्या मे-जूनमध्ये बाड इशल या गावी बसून त्याने या रचना लिहून काढल्या. त्याच उन्हाळ्यात त्याला कावीळ दिसू लागली, ज्या दुखण्यातून तो पुढे उठला नाही.

म्हणजे बघा, शूमान पती-पत्नींपैकी एकाच्या अखेरीला त्याने ऑर्गन हाती धरला आणि चाळीस वर्षांनी दुसऱ्याच्या मृत्यूनंतर पुन्हा.

यावरून 'ही क्लारासाठी लिहिलेली शोकरचना' असं म्हणणं सोपं आहे, पण मी तेवढं म्हणणार नाही. अकराही रचना तशा नाहीत. पहिली तर मला शाळेतल्या उत्तम विद्यार्थ्याच्या वहीसारखी वाटते, सगळं बरोबर पण मन नाही. आठवी नाताळच्या गुलाबाच्या गाण्यावर आहे, फार कोवळी. दहावी मात्र अकरावीची सख्खी बहीण. तिचीही चाल मुळात प्रेमगीताची, आणि ती चाल वाजवणाऱ्याने पायांनी, खालच्या पट्ट्यांवर वाजवायची असते, हात वर दुसरंच काही करत असताना. स्वयंपाक करता करता मनात एकच गोष्ट घोळत राहावी तसं.

आणि अकरावी शोकाची म्हणावी तर तिचे सूर रडके नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर कोमल गंधाराचा आधार घेऊन ती रडवत नाही. तिचा पाया शुद्ध स्वरांचा आहे, बिलावलच्या जवळचा. मधे मधे सावली येते आणि जाते. दुःख दिसतं ते उतरत्या आवाजात, सुरांच्या निवडीत नाही. मला हे फार मोठं वाटतं. नाटकी विलाप करणं सोपं असतं.

आता माझा मुद्दा. मी आधी या रचनेचा अर्थ चुकीचा लावला होता. मला वाटलं, मोठा-हळू-अगदी हळू ही उतरण म्हणजे सल्लेखनाच. कृश होत जाणारा सूर. महिला मंडळात मी तसं सांगितलंही, आणि सगळ्यांना ते आवडलं. पण पुन्हा पुन्हा ऐकल्यावर खटकू लागलं. सल्लेखनेत दूध सोडलं की सोडलं, परत दुधाकडे वळायचं नसतं. इथे प्रत्येक ओळ पुन्हा मोठ्याने सुरू होते. आणि प्रत्येक पडसाद म्हणजे मागे वळून बघणं आहे. 'सोडून जायला हवं' म्हणून झाल्यावर दोनदा वळून बघणारा माणूस विरक्त कसला? तो तर माहेर सोडताना गाडीच्या काचेतून हात हलवणारी मुलगी आहे. त्याला राग म्हणतात, मोह म्हणतात.

मग ही रचना आपल्या दृष्टीने कमी पडते का? काही महिने मी तसंच म्हणत होते. उत्तर मिळालं ते बूसोनीमुळे. फेरुच्चो बूसोनी या इटालियन वादकाने या अकरांपैकी सहा रचना पियानोवर आणल्या, त्यात हीही आहे. मुलीने तीही पाठवली. ऐकायला सुंदर, पण पियानोवर पडसाद आपोआप विरतो. तार थंड होते, बस. तिथे कुणी काही सोडत नाही. ऑर्गनवर मात्र ओळ एका पट्ट्यांवर होते आणि पडसादाला हात उचलून दुसरीकडे जावं लागतं. नळ्या दुसऱ्या, आवाज दुसरा. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो पडसाद जाणाऱ्याचा नाहीच! तो दुसऱ्याच कुणाचा आवाज आहे. जाणारा आपली ओळ नीट, मोठ्याने, न डगमगता म्हणतो. तिचं शेपूट धरून हळू आवाजात पुन्हा म्हणतं ते घर. मागे राहिलेली माणसं.

म्हणूनच काही वादक त्या दोन पायऱ्या इतक्या लाडाने लांबवतात की ओळीपेक्षा पडसादच मोठा होतो, ते मला आवडत नाही. जाणाऱ्यापेक्षा आपलं दुःख मोठं करण्यासारखं ते आहे. आणि काहीजण ओळी घाईने उरकतात, तेव्हा पडसादाला उभं राहायला जागाच उरत नाही. चांगला वादक ओळीला तिची धिटाई देतो आणि पडसादाला त्याची लाज.

बाईंनी पाणीही सोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीप्रमाणे उठले, गॅसवर पातेलं ठेवलं आणि पाणी उकळायला लावलं. गाळून, निववून वाटीत ओतलं. मग आठवलं की आता ते नकोय. वाटी हातात घेऊन मी तशीच उभी होते तेवढ्यात आतल्या खोलीत णमोकाराचा आवाज एकदम वाढला. बाई गेल्या होत्या. मी स्वयंपाकघरात होते. दहा पावलांवर असून मी पोचले नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. गाडी चुकलेल्या ब्राम्सची हकीकत वाचली तेव्हा ते पातेलं डोळ्यांसमोर आलं.

ते पाणी म्हणजे पडसाद होता. बाईंची ओळ पूर्ण झाली होती, माझा हात मागून तेच वळण गिरवत होता.

आर्तध्यान करू नये हे मला माहीत आहे. पण श्वेतांबर परंपरेत गौतमस्वामींची कथा सांगतात ती दिवाळीला शेजारच्या काकूंकडून मी दरवर्षी ऐकते. भगवान महावीरांच्या निर्वाणाच्या वेळी गौतम जवळ नव्हते. परतताना बातमी कळली आणि एवढे ज्ञानी गणधर लहान मुलासारखे रडले. त्या रडण्यातूनच त्यांना आपला स्नेह दिसला, तो गळून पडला आणि त्याच रात्री केवलज्ञान झालं. रडणं झाकून ठेवलं असतं तर स्नेह दिसला असता का, हे मी साध्वीजींना एकदा विचारणार आहे.

त्या संध्याकाळी गच्चीवर मी रडले. फार नाही. कपडे दमट होईपर्यंत. मग खाली येऊन मुलीला फोन केला. ती म्हणाली, "कशी वाटली पेटी?" मी म्हटलं, "चांगली आहे. तुझ्या आजीला आवडली असती." ती म्हणाली, "आजीला गाणं कुठे आवडायचं?" मी म्हटलं, "तरीपण."

मैत्रिणींनो, चार मिनिटांची रचना आहे. डोळे मिटून, घरात कुणी नसताना ऐका. पहिल्यांदा नुसत्या ओळी ऐका. दुसऱ्यांदा नुसते पडसाद. ज्यांच्या घरातून अलीकडे कुणी गेलं असेल त्यांनी दुसऱ्यांदा ऐकायची घाई करू नये. आणि अशा घरी भेटायला जाल तेव्हा 'केवढं भाग्याचं मरण' हे जरूर म्हणा, ते खरंच आहे. फक्त ते म्हणून झाल्यावर स्वयंपाकघरातही एकदा डोकावून या.